माद्यांचा टँक

आमच्या घरात माद्या वेगळ्या काढल्या जायच्या. रविवारी सकाळी चहा झाला की सासरे गॅलरीत स्टूल टाकून बसायचे. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, एका हातात काचेचा ग्लास, दुसऱ्या हातात चहाच्या गाळणीएवढी जाळी. गप्पी माशांचं एकेक पिल्लू ग्लासात घ्यायचे, ग्लास उजेडाकडे धरायचे, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "नर." पिल्लू डावीकडच्या टँकमध्ये. "नर. नर. मादी." मादी उजवीकडे. मतमोजणी चालल्यासारखा हा कार्यक्रम बराच वेळ चालायचा, आणि मी कपडे वाळत घालता घालता त्यांच्याकडे संशयाने बघायचे.

संशय हा माझ्या माहेरचा कुळाचार आहे. मी गिरगावातली, चाळीतल्या दोन खोल्यांत वाढलेली. माझे वडील आयुष्यभर ऑफिसात लोकांची बिलं तपासत आले आणि घरी आल्यावर आमची. दूधवाल्याचं दूध, वाण्याची तूरडाळ, पाहुण्यांचा चांगुलपणा, सगळं उलटंपालटं करून बघायचं. 'हा एवढं गोड का बोलतोय?' हा प्रश्न मला कुणी शिकवावा लागला नाही. लग्न करून लालबागला आले तर सासरची माणसं मालवणी, मोकळी, मोठमोठ्याने बोलणारी. चाळ पाडून झालेल्या टॉवरमधला फ्लॅट, तरी दार दिवसभर उघडं. मला वाटलं, बरं झालं बाई, इथे कुणी काही लपवत नाही. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

घरात आम्ही पाच जण. सासरे गोदीत क्लार्क होते, रिटायर झाल्यापासून मासे. सासूबाई. नवरा, दोन बहिणींच्या पाठीवर झालेला, म्हणजे किती नवसाचा ते सांगायला नको. तो लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत कॉम्प्युटरसमोर बसतो. मी परळला एका ऑफिसात हिशेब बघते. आणि आमची मुलगी, तेव्हा नुकतीच पहिलीत गेलेली. ती रविवारी आजोबांच्या मांडीला टेकून बसायची आणि विचारून विचारून त्यांचं डोकं खायची.

"आजोबा, कसं कळतं?"

मोठ्या गप्पीचं कुणालाही कळतं. नर बारका आणि रंगीत, झेंड्यासारखी शेपटी. मादी जाडी आणि मळकी. पण पिलं सगळी सारखीच, पाण्यात टाकलेल्या जिऱ्यासारखी. तेव्हा बघायचा तो ठिपका. पोट संपतं आणि शेपटी सुरू होते तिथे आतून दिसणारा काळसर ठिपका. तो असला की मादी. त्याखालचा पर पंख्यासारखा पसरट असला की मादीच. नराचा तोच पर पुढे काडीसारखा होत जातो.

"पण काडी दिसेपर्यंत थांबलीस तर उशीर झाला," सासरे नातीला सांगायचे. "तोपर्यंत सगळ्या माद्या गाभण. म्हणून आधी ओळखायचं आणि आधी काढायचं."

"का काढायचं?"

"दुकानदार नर घेतो. रंग असतो ना. मादी कुणाला नको."

हे वाक्य ते 'आज भेंडी महाग आहे' अशा आवाजात म्हणाले. माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला. मुलीने मात्र मान डोलावली आणि पुढचं पिल्लू बघायला डोकं खाली घातलं.

त्यांची नजर पक्की होती, हे मला मान्यच करावं लागायचं. मुलीच्या वाढदिवसाला मी दादरहून काळ्या मॉलीची जोडी आणली. दुकानदार छातीवर हात मारून म्हणाला, मॅडम, एकदम गॅरंटीड पेअर. घरी आणून पिशवी टेबलावर ठेवली. सासऱ्यांनी ग्लास नाही, चष्मा नाही, नुसतं वाकून बघितलं. "दोन्ही नर." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर पिशवी घेऊन थेट दुकानात. दुकानदार म्हणतो, "मॅडम, अभी छोटे आहेत, मोठे झाले की कळेल." म्हटलं, "मोठा होऊन यातला एक बाई होणार आहे का?" गिऱ्हाइकं हसायला लागली तेव्हा कुठे त्याने एक नर परत घेतला आणि चांगली पोटुशी मॉली दिली. घरी सासरे हसले. म्हणाले, "गिरगावकरीण खरी." तेव्हापासून नर-मादीच्या बाबतीत त्यांचा शब्द आमच्याकडे शेवटचा.

आणि मग मला दुसऱ्यांदा दिवस गेले.

सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. "देव देतलो ता आपला," असं म्हणाल्या. तोंडाने म्हणाल्या. पण त्याच आठवड्यात माझ्या चालण्याकडे बघायला लागल्या, उजवा पाय आधी टाकते की डावा. आंबट मागितलं की चेहरा खुलायचा, गोड मागितलं की पडायचा. मी मुद्दाम एक दिवस आंबट, एक दिवस गोड मागायला लागले. मग शेजारच्या काकी आल्या आणि माझ्या तोंडावरचं तेज बघून, "मुलगीच गो, आईचं रूप चोरते ती," असं बोलून चहा पिऊन गेल्या. त्या गेल्यावर सासूबाईंनी कप इतका जोरात घासला की त्याचा कान तुटला.

हे सगळं मला समजत होतं. समोरून येणाऱ्या माणसाची मला कधी भीती वाटली नाही. मला भीती वाटत होती ती सासऱ्यांची. कारण ते काहीच बोलत नव्हते. नुसते बघायचे. मी गॅलरीत कपडे वाळत घालत असले की ग्लास हातात तसाच धरून माझ्याकडे बघत राहायचे, आणि मी मान वळवली की पटकन पाण्यात बघायचे. ज्या माणसाला जिऱ्याएवढ्या पिलात मादी दिसते, तो माझ्याकडे असं का बघतो?

एका रविवारी मुलीने विचारलं, "आजोबा, मी मादी ना?"

"माणसाला मादी म्हणत नाहीत गो. मुलगी म्हणतात."

"हां, मुलगी. मग मला कुठल्या टँकमध्ये टाकणार?"

सासरे हसले. मी नाही हसले. तिचं संपलं नव्हतं.

"आणि आईच्या पोटातलं बाळ? ते बघून सांगा ना."

"ते बघायचं नसतं," सासरे म्हणाले. इतकं झटकन म्हणाले, आणि म्हणताना आत स्वयंपाकघराकडे असं बघितलं, की माझ्या मनात पाल चुकचुकली. साधा माणूस असता तर म्हणाला असता, मला काय कळतंय त्यातलं. 'बघायचं नसतं' असं का? बघण्याविषयी घरात कधी बोलणं झालं असेल, तरच ना?

मग मी पाळतच ठेवली. शनिवारी ते माद्यांची पिशवी घेऊन भायखळ्याच्या दुकानात जायचे. 'दुकानदाराला देऊन येतो' एवढंच सांगायचे. पुढे काय, कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, मला भाजी घ्यायचीय, येते तुमच्याबरोबर. त्यांना ते फारसं आवडलं नाही, पण नाही कसं म्हणणार? बसने गेलो. दुकान म्हणजे अंधारी बोळकांडी, दोन्ही बाजूंनी काचा आणि एअर पंपांची गुरगुर. दुकानदाराने आमची पिशवी घेतली, रबर सोडलं आणि मागच्या मोठ्या टँकमध्ये उलटी केली. त्यात ऑस्कर मासे होते. हाताच्या पंज्याएवढे, जाड ओठांचे, भुकेले. पाणी ढवळलं. मी बघतेय तोवर पाणी पुन्हा स्थिर झालं, आणि त्यात ऑस्करांशिवाय काही नव्हतं.

सासरे पाठ करून उभे होते. माशांच्या खाण्याचा डबा हातात घेऊन त्यावरचं छापलेलं वाचत होते.

"बाबा, दर शनिवारी हेच?"

"ऑस्करला जिवंत लागतं," ते म्हणाले. "गप्पी ते गप्पी. त्यात काय एवढं."

मी रस्त्यावर येऊन उभी राहिले. भाजी घेतली नाही. बसमध्ये आम्ही दोघं शेजारी बसून घरी आलो. हा माणूस माझ्या घरात राहतो, माझ्या मुलीला मांडीवर घेतो, आणि मी पोटुशी आहे, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं.

त्यानंतर काही दिवसांनी नवऱ्याने विषय काढला. जेवताना, भाताचा ढीग करत करत. "अगं, आपण गावी जाऊन येऊ. देवाला गाऱ्हाणं घालायचंय, आईच्या मनात आहे. आणि तिथे ना, आईच्या ओळखीतला एक डॉक्टर आहे. चांगला आहे. सोनोग्राफीसुद्धा तिथेच करून टाकू. इथे किती रांगा असतात."

मी घास खाली ठेवला. "काय म्हणालास?"

"सोनोग्राफी."

"अरे, परळला लागून राहतोस तू! पावलापावलावर हॉस्पिटल आहे. आसाम-बिहारमधून लोक ट्रंका घेऊन येतात आणि आपल्या फुटपाथवर झोपतात, कशासाठी? इथे तपासून घ्यायला. आणि तू मला तपासायला कोकणात नेणार?"

"ओरडतेस काय? ओळखीचा आहे म्हणून म्हटलं."

"ओळखीचा कशाला लागतो? बिनओळखीच्याला काय दिसत नाही?"

नवरा माझ्याकडे बघेना. इथल्या प्रत्येक सोनोग्राफीच्या दारावर पाटी असते, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. तिथे नसेल असं नाही. पाटी तिथेही असेल. पण ओळख म्हणजे पाटीच्या पलीकडे जायचा रस्ता, हे या शहरात शेंबडं पोरही सांगेल. मी सरळ विचारलं, "कळलं तर काय करणार आहात?"

"काही नाही गं. नुसतं कळावं. आईच्या समाधानासाठी."

"आणि कळल्यावर आईचं समाधान नाही झालं तर?"

तो उठून हात धुवायला गेला. सासूबाई आमटी वाढत होत्या, त्यांनी ती माझ्याच ताटात आणखी वाढली. "देवाचा काम आसा. देवाक नाय म्हणू नये." आणि सासरे? सासरे माशाचा काटा काढत बसले होते. मला वाटलं, हाच. हाच यांचा म्होरक्या. बाकीचे बोलतायत, कारण ज्याने ठरवलं त्याला बोलायची गरज नाही.

त्या दिवसांत मी घाबरलेली होते. आता सांगायला सोपं वाटतं, तेव्हा ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडायचे. नाही म्हणावं तर देवाला नाही म्हटल्यासारखं. हो म्हणावं तर त्या टेबलावर आडवं व्हायचं आणि वर कुणाच्या तरी चेहऱ्यावर उत्तर बघायचं. आईला फोन केला. ती म्हणाली, "तू तिकडे जाऊ नकोस. वाटलं तर इथे निघून ये." मी कपड्यांची एक बॅग भरून कपाटाच्या तळाशी ठेवली.

माझ्या हो-नाहीची वाट न बघता जायचं ठरलं. तिकिटं निघाली. आणि आदल्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी गॅलरीतून जाहीर केलं, "मी येणार नाही. एंजल अंडी घालणार आहेत."

एंजल म्हणजे त्यांच्या टँकमधले दोन चपटे, उभे, ताटलीसारखे मासे. वर्षभर त्यांनी त्यांना जिवापाड जपलेलं. एंजलचं एक आहे, त्यांच्यातला नर कुठला आणि मादी कुठली हे बाहेरून कळतच नाही. भले भले दुकानदार हात टेकतात. अंडी घालायच्या वेळी पोटाखाली बारीक नळी बाहेर येते, ती टोकदार असली तर नर, बोथट आणि जाड असली तर मादी. तोपर्यंत सगळा अंदाज.

"अंडी घालायचं पान साफ करतायत दोघं," सासरे म्हणाले. "अंडी घातली की लक्ष ठेवायला लागतं. नाहीतर खाऊन टाकतात. मी हलणार नाही."

सासूबाईंचा आवाज खालच्या मजल्यांवर गेला असेल. गाऱ्हाणं घालायला घरातला थोरला पुरुष लागतो. तो नसेल तर गुरव उभा राहत नाही. देव मोठा की मासा मोठा? सासरे स्टुलावर बसून राहिले. "मासा," म्हणाले. सासूबाई हात जोडून देवाची माफी मागायला लागल्या. नवरा म्हणाला, बाबा, तुम्हाला वेड लागलंय. शेवटी तिकिटं रद्द झाली. ते पुढे ढकललेलं जाणं पुन्हा कधी जुळून आलं नाही. नवऱ्याला रजा मिळेना, मग माझे महिने वाढत गेले.

तुम्हाला वाटेल, मला हायसं वाटलं असेल. वाटलं, पण अर्ध्या तासापुरतं. मग संशय. हा माणूस स्वतःच्या कुळदेवाला एका माशासाठी थांबवतो? मी संध्याकाळी टँकसमोर जाऊन उभी राहिले. पान पुसल्यासारखं स्वच्छ. अंडी नव्हती. दुसऱ्या दिवशी नव्हती, आठवड्यानेही नव्हती. विचारलं तर म्हणतात, "दोन्ही नर असतील." वर्षभर ज्यांना जोडी म्हणून जपलं ते एका दिवसात दोन नर झाले? कुठेतरी पाणी मुरतंय, हे मला कळत होतं. कुठे, ते कळत नव्हतं. मी असं धरून चालले की यांनी मुंबईतच काहीतरी सोय बघितली आहे, म्हणून गावचा खटाटोप नको झाला. पुढे परळच्या हॉस्पिटलात प्रत्येक तपासणीला मी माझ्या आईला घेऊन गेले. नवऱ्याला बाहेर बसवलं. तो बसला.

सातव्या महिन्यात सासूबाई म्हणाल्या, डोहाळजेवण करूया.

आता ही गोष्ट विचित्र होती. डोहाळजेवण पहिलटकरणीचं करतात. दुसऱ्या खेपेला कोण करतं? पहिल्या वेळी केलं होतं साग्रसंगीत, फुलांची वाडी भरून. तेव्हा दोन झाकलेल्या वाट्या समोर आल्या होत्या. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, एकीत पेढा असतो, एकीत बर्फी. पोटुशीने एक वाटी उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. माझा पेढा निघाला होता. त्यानंतर बाळंतपणापर्यंत माझं जे काय कोडकौतुक झालं! सकाळी दूध, दुपारी खोबऱ्याची वडी, पाय दाबायला स्वतः सासूबाई. झाली मुलगी. तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, वाटी उचलताना तुझा हात हलला.

म्हणजे या वेळी सोनोग्राफी हुकली म्हणून वाट्या. मला राग आला आणि हसूही आलं. म्हटलं, करा. सातवा लागलाय, आता वाटीतून काय निघायचं ते निघू दे.

दोन्ही नणंदा आल्या, मजल्यावरच्या बायका आल्या, माझी आई आली. हिरवी साडी, हिरवा चुडा, फुलांचे दागिने. पुरुषांना बायकांनी गॅलरीत हाकललं. नवरा तेवढा फोटो काढायला म्हणून दारात घुटमळत होता. ओटी भरून झाली. थोरल्या नणंदेने ताट आणलं. स्टीलच्या दोन वाट्या, वर दोन वाट्या पालथ्या. मी उगाच डावीकडे हात नेला, उजवीकडे नेला. सासूबाईंचे ओठ हलत होते. मी डावी उघडली.

पेढा.

जो काय गलका झाला! नणंदांनी टाळ्या वाजवल्या, सासूबाईंनी माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली, दोन्ही डोळ्यांतून पाणी. आणि दारात नवरा. मोबाइल खाली घेऊन डोळे पुसत होता. मुलगी झाली तेव्हा हा रडला नव्हता. तेव्हा हॉस्पिटलात 'दोघी ठीक आहेत ना' विचारून पार्किंगचं बघायला गेला होता. माझी मुलगी माझ्या मांडीला चिकटून सगळ्यांकडे बघत होती. माझं डोकं फिरलं. एवढा आनंद कशाचा? कोणाच्या जिवावर? आणि मी काही विचार न करता हात पुढे केला.

"अगं अगं, दुसरी उघडायची नसते!" नणंद ओरडली.

उघडली. त्यातही पेढा.

एक बाई म्हणाली, अगो बाई. सासूबाईंनी थोरल्या लेकीकडे बघितलं. तिने कानाला हात लावला. "मी नाही गं आई, शप्पथ. मी ताट घ्यायला गेले तेव्हा बाबांनी वाट्या भरूनच ठेवलेल्या."

गॅलरीचं दार सरकलं. सासरे उंबऱ्यावर आले. आत यायचं की नाही अशा बेताने उभे राहिले.

"बाबा," मी म्हटलं, "दोन्हीत पेढे?"

"हो."

"बर्फी आणली नव्हती?"

"आणली. फ्रीजमध्ये आहे."

"मग हे काय?"

त्यांनी आधी सासूबाईंकडे बघितलं, मग मुलाकडे. "बर्फी निघाली असती तर यांनी तुला पुढे नीट जेवू घातलं असतं? मागल्या वेळी पेढा निघाला, तर कसं दूध न् वड्या. या वेळी पण पेढाच निघायला पाहिजे होता."

"बाबा, काय बोलताय!" नवरा दबक्या आवाजात म्हणाला. "लोक आहेत."

"असूदेत. गावच्या डॉक्टरला फोन केलास तेव्हा कुठे लोकांना विचारलंस? एंजल न् बिंजल. वर्षभर त्यांनी कधी अंडी घातली नाहीत आणि घालणारही नाहीत. तुम्हाला गप्प बसवायला दुसरं काय सांगू? माझं ऐकतंय कोण या घरात? माशांचं तेवढं ऐकता."

मी बसल्या जागी बसले होते. अंगावर फुलांचे दागिने, हातात रिकामी वाटी. इतके महिने मी ज्याच्यावर पाळत ठेवली होती तो माणूस हा. माझा संशय खोटा नव्हता, घरात शिजत होतं ते शिजतच होतं. फक्त मी बघत होते चुकीच्या माणसाकडे. मला रडू यायला हवं होतं, पण माझा स्वभाव आड आला. म्हटलं, "आणि बाबा, मुलगी झाली तर? मग काय सांगणार होतात सगळ्यांना?"

"तोपर्यंत ती आलेली असेल ना," सासरे म्हणाले. "आल्यावर मग कोण काय बोलतंय ते बघू."

मला वाटलं, आता सासूबाई फुटणार. चारचौघांत अब्रू काढली त्यांची. त्या उठल्या. माझ्याकडे बघितलंही नाही. चालत सासऱ्यांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, आणि आवाज अजिबात न चढवता म्हणाल्या, "माझ्या वेळाक तुमी खंय होतास?"

सासऱ्यांना कळलं नाही. किंवा कळलं.

"थोरलीच्या वेळाक," सासूबाई म्हणाल्या. "माझी बर्फी निघाली. तुमच्या आवशीन दुसऱ्या दिवसापासून माझा दूध बंद केल्यान. भरलेल्या पोटान खालसून पाणी भरलंय मी. तुमी थंयच होतास. ताटावर बसलेलास. तेव्हा नाय सुचला वाट्यो भरूक?"

थोरली नणंद, जिच्या वेळची ही गोष्ट, ताट हातात घेऊन उभी होती. तिने ते हळूच खाली ठेवलं. सासऱ्यांनी गॅलरीचं दार आपणच ओढून घेतलं. बायकांनी भराभर जेवायची पानं मांडली, कारण दुसरं काय करणार?

नवऱ्याशी मी बरेच दिवस बोलले नाही. तो हॉस्पिटलात बाहेर बसायचा, येता-जाता माझी पर्स उचलायचा, एकदा लिफ्टमध्ये म्हणाला, "चुकलं माझं." म्हटलं, "हो." कपाटातली बॅग मी रिकामी केली, पण लगेच नाही. सासूबाई रोज सकाळी दुधाचा ग्लास माझ्यासमोर आणून ठेवायच्या, आणि मी पीत असताना शेजारी उभ्या राहायच्या. खरंच मला पाजत होत्या की कुणाला तरी दाखवत होत्या, हे मी तेव्हाही ओळखू शकले नाही, आजही नाही.

मुलगी झाली. परळलाच.

आम्ही घरी आलो त्या दिवशी सासूबाईंनी मिठाईवाल्याकडून डबे मागवले आणि स्वतः प्रत्येक मजल्यावर गेल्या. शेजारच्या काकींनी डबा उघडून विचारलं, "पेढे? मुलगा झाला काय गो?" सासूबाई म्हणाल्या, "चेडू झाला. पेढो खा." वॉचमनला दिला, लिफ्टवाल्याला दिला, मोलकरणीला दोन दिले. मग घरात. माझ्या तोंडात एक, थोरल्या नातीच्या दोन्ही हातांत एकेक, मुलाच्या हातावर ठेवताना त्याच्याकडे बघितलं नाही, पण ठेवला. सासरे सोफ्यावर नव्या नातीला मांडीवर घेऊन बसले होते. डबा आपल्याकडे येतोय असं वाटून त्यांनी एक हात मोकळा केला, पुढे धरला.

सासूबाईंनी डब्याला झाकण लावलं आणि आत गेल्या.